डोंगराचं अख्खं नाव

डिस्क तपासायचा माझा प्रोग्रॅम कुणाच्याही डिस्कला धक्का लावणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. त्यात ‘फक्त बघा’ असा पर्यायच होता.

म्हणून मारेवामावशी आमच्या गावाहून, पोरंगाहाऊहून, कुरकुरणारी डिस्क घेऊन हेस्टिंग्ज शहरात माझ्याकडे आली, तेव्हा मी खुशीत होतो. डिस्कवर आमच्या मराएवरच्या, म्हणजे गावाच्या सभाघरातल्या, म्हाताऱ्यांची गाणी होती. त्यातली बरीच माणसं आता नाहीत.

"तिपेने बाळा, आधी प्रत काढत नाहीस? ही एकच आहे हं."

"नुसतं बघणार आहे, मावशी. डिस्कचं नाव काय?"

"टाउमाटा."

आमचा डोंगर. मी एका रिकाम्या डिस्कला तेच नाव देऊन प्रोग्रॅम चालवून पाहिला. सुरळीत. मग मावशीची डिस्क लावली. ती गिरणीसारखी घरघरू लागली.

"दुरुस्ती चालू, असं का लिहिलंय तिथे?" मावशीनं विचारलं.

मी वायरच उपटली.

टाउमाटा हे डोंगराचं आमच्या तोंडातलं नाव. मावशीनं डिस्कला त्याचं अख्खं नाव दिलं होतं: टाउमाटाफाकाटांगिहांगाकोआउआउ… अशी रोमन लिपीतली पंच्याऐंशी अक्षरं. मी जागा ठेवली होती चौसष्टांची, आणि नाव मावतं का, हे प्रोग्रॅम बघतच नव्हता. उरलेली अक्षरं मेमरीत शेजारी सांडली. शेजारी ‘फक्त बघा’ची नोंद होती, ती पुसली गेली आणि प्रोग्रॅम दुरुस्तीच करू लागला. एखाद्या भामट्यानं मुद्दाम तसं नाव रचलं असतं, तर माझ्या प्रोग्रॅमकडून हवं ते करून घेतलं असतं. इथे तर एका डोंगरानंच काम उरकलं.

गाणी बचावली. कोणतं कुणाचं, ती नावं मात्र गेली. उरले नुसते फायलींचे आकडे.

"मावशी, यापुढे डिस्कचं नाव जरा लहान ठेवशील?"

"डोंगर तासायचा म्हणतोस? तू जागा वाढव."

मग ती हेडफोन लावून बसली. एकेक गाणं ऐकून नाव सांगे, मी लिहून घेई. "ही मध्येच खोकते ना, ती तुझी आजी." एक गाणं तिनं पुन्हा पुन्हा लावलं. तेवढ्यात मी प्रोग्रॅम दुरुस्त केला.

"आता आधी नाव मोजतो तो," मी म्हणालो.

"आणि मावलं नाही तर?"

"तर डिस्कला हात लावत नाही. सरळ सांगतो, मला जमणार नाही."

मावशीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणा झाला."