कॅमेरा निवड समिती आणि मोडका साकव

मानवी संस्कृतीची थोरवी तिच्या दूरदृष्टीवर ठरते. मोखाडा तालुक्यातल्या एका कार्यालयात ही दूरदृष्टी जुलैचे तीन आठवडे सेन्सरच्या आकारावर अडून बसली होती.

कारण साधे होते. ओहोळावरच्या साकवाच्या तीन फळ्या वाहून गेल्या होत्या. दुरुस्तीला फोटो हवा, आणि तो कार्यालयाच्याच कॅमेऱ्याने काढलेला हवा (मोबाईलवर कोणीही काढू शकतो, म्हणून तो फोटो अविश्वसनीय). कॅमेरा नव्हता. म्हणून समिती नेमली गेली. लिपिक गोकुळ तिचा सचिव झाला, कारण पलीकडच्या पाड्यावर त्याची कमूआत्या राहत होती आणि तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन उरलेल्या फळ्यांवरून उड्या मारत घरी जात होती. समितीच्या भाषेत याला 'स्थानिक अनुभव' म्हणतात.

खिशात मावणारे दोन कॅमेरे विचारार्थ आले. पहिल्याचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा तुकडा, 'एक इंची', पण लेन्स जेमतेम तिप्पट जवळ आणणारी. (माहितीपत्रकात सेन्सरची रुंदी तेरा मिलिमीटर निघाली. उरलेला अर्धा इंच कुठे गेला, याचा खुलासा विक्रेत्याकडून मागवण्यात आला.) दुसऱ्याची लेन्स तीसपट, पण सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान. सेन्सर आणि लेन्स दोन्ही मोठी घ्यावीत तर कॅमेरा खिशात मावत नाही. निसर्गाच्या या वर्तनाबद्दल इतिवृत्तात नापसंती नोंदवली गेली.

अध्यक्ष मंगेशसाहेबांचा कौल तीसपटीला होता. "अरे गोकुळ, आपण डांबरी रस्त्यावर उभं राहायचं, साकव आपण होऊन जवळ येतो. ओहोळात उतरायचं कशाला?" ऐंशी टक्के सदस्यांना हे पटले (सदस्य पाच, चौघांचे गुडघे दुखतात).

मग चाचणी झाली. धुक्यात तीसपट लेन्सने टिपलेल्या फोटोत साकवाच्या जागी नागलीची आंबील दिसली. मोठ्या सेन्सरचा फोटो मात्र लख्ख आला: पाचही सदस्य, त्यांच्या छत्र्या, आणि मागे काडीएवढा साकव. निष्कर्ष निघाला की मोठा सेन्सर उत्तम, फक्त त्याच्यासोबत एक माणूस चालत न्यावा लागतो. माहितीपत्रकात हा माणूस नव्हता.

गोकुळ पँट दुमडून उतरला. कमूआत्या नेमकी साकवावर होती.

"काय रं, साहेब लोक पोहायला आलं का?"

"आत्या, हलू नको. फोटो काढतोय."

"अरं, हलले नाय तर पडन ना मी!"

फोटो निघाला. हिरवा डोंगर, धुकं, हवेत आत्या. पाण्याचा थेंब अन् थेंब मोजून घ्यावा. वरच्या कार्यालयाला तो इतका आवडला, की दुरुस्तीच्या फायलीतून काढून पर्यटनाच्या फायलीत लावला गेला. तुमच्याही मोबाईलवर आला असेल. 'इथे एकदा जायलाच हवं' असं अडतीस हजार लोकांनी लिहिलंय. त्यातले एक तुम्ही.

चार फुटी सागवानी फळीवर चढवून फोटो कार्यालयात टांगला, आणि अनावरणाला कमूआत्याला बोलावलं. साकव ओलांडून ती वेळेवर आली. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. आत्याने फोटोकडे फारसं पाहिलंच नाही. मागे हात घालून फळी चाचपली, बोटाने ठोकली.

"लाकूड बेस हाय रं गोकुळ," ती म्हणाली. "फोटू ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. पाठची फळी तेवढी काढून देतोस का?"