बटाट्याच्या मापाचा फिल्टर

जगात अशी एकही वस्तू नाही जिला नंबर नाही, असं माझं ठाम मत आहे. होतं म्हणा. एका मोठ्या कार्यालयाच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत मी बावीस वर्षं काढली आहेत. नंबर सांगा, तीन मिनिटांत कागद हातात! नंबर नसेल तर मी मोठ्या साहेबांनाही परत पाठवतो. त्यामुळे सासऱ्यांनी जेव्हा विचारलं, "जावईबापू, गाडीचा ऑइल फिल्टर बदलायला जमेल का?" तेव्हा मी नुसता हसलो.

"बाबा, फिल्टर म्हणजे काय हो? एक नंबर. तो सापडला की काम झालं."

गाडी सासऱ्यांची. एकतीस वर्षांची मोटारसायकल. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले नळाचे फिटर, आणि या गाडीला त्यांनी आजवर परका हात लागू दिलेला नाही. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. त्यांनी जाहीर केलं, "जो तिची सर्व्हिसिंग स्वतःच्या हातानं करेल, त्याची गाडी. नाहीतर रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. परक्या माणसाला विकून तिचे हाल बघायचे नाहीत मला."

खरं सांगायचं तर मला गाडीपेक्षा जास्त हवं होतं ते वेगळंच. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या घरी मी साधा स्क्रू पिळायला गेलो तरी ते हातातला पाना काढून घेतात आणि म्हणतात, "तुम्ही बसा, जावईबापू." अकरा वर्षं मी बसलोय. त्यांच्याकडच्या सोफ्यात माझ्या आकाराचा खड्डा पडलाय. एकदा तरी त्या माणसानं माझ्या हातात पाना द्यावा, एवढीच माझी इच्छा.

मंगळवारी गाडी आमच्या इमारतीखाली आली. मी गाडीचं जुनं माहितीपुस्तक मिळवलं, चष्मा लावला आणि फिल्टरचा नंबर वहीत लाल शाईनं लिहिला.

"बाबांना एकदा विचारून घ्या," बायको म्हणाली. "त्या गाडीत त्यांनी बरंच काय काय केलंय. लहानपणी मी टॉर्च धरायचे ना त्यांच्यासाठी."

"तू टॉर्च धरायचीस," मी म्हणालो. "माझ्याकडे पुस्तक आहे."

ती सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. अकरा वर्षांत मला कळायला हवं होतं की ती वाद न घालता निघून जाते तेव्हा जास्त जपायला हवं.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे कपाळावर चष्मा चढवलेला एक गृहस्थ बसला होता.

"जुना फिल्टर आणलाय नमुन्याला?" त्यानं विचारलं.

"नंबर आणलाय."

"जुन्या गाडीला नंबर नसतो साहेब, सवयी असतात. नमुना आणा."

असल्या अडाणी कारभाराची मला मनापासून चीड आहे. मी वही त्याच्यासमोर आपटली. त्यानं एक सुस्कारा सोडला आणि माझ्या नंबरचा फिल्टर काढून दिला.

बुधवारी मी इंजिनाच्या कुशीतलं गोल झाकण उघडलं. झाकण पुस्तकातल्या चित्रापेक्षा जरा पोट सुटल्यासारखं होतं, पण एकतीस वर्षांत कुणाचं सुटत नाही? आत जुना फिल्टर आणि त्याच्याभोवती एक जाड, काळी रबरी रिंग. रिंग पुस्तकात नव्हती! पुस्तकात तिथे कागदी पॅकिंग होतं. जे पुस्तकात नाही ते अनधिकृत. मी रिंग आणि जुना फिल्टर दोन्ही केराच्या डब्यात टाकले, आणि गुरुवारी सकाळी घंटागाडी ते घेऊन गेली. मीच उतरून डबा दिला, तेही शीळ घालत.

गुरुवारी संध्याकाळी नवा फिल्टर आणि कागदी पॅकिंग बसवून गाडी सुरू केली. आतून खुळखुळ असा आवाज आला. फिल्टर त्या जागेला बोटभर आखूड होता आणि आत मोकाट फिरत होता.

"बाबांना फोन लावू?" वरच्या गॅलरीतून बायकोनं विचारलं.

"आवाज सेट होतोय," मी म्हणालो.

शुक्रवारी मी पुन्हा दुकानात गेलो. म्हटलं, पुस्तक कदाचित आदल्या वर्षीच्या गाडीचं असेल, पुढच्या वर्षीचा नंबर द्या. दुकानदारानं विचारलं, "नमुना?" मी इकडेतिकडे बघितलं. नमुना एव्हाना गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर पोचला होता. पुढच्या वर्षीचा फिल्टर आणला तर तो इतका लांब की झाकणच लागेना. मी झाकणावर गुडघा टेकवून जोर लावत होतो तेव्हा तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "जबरदस्तीनं काही होत नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. हे वाक्य त्यांनी निदान दहा हजार पोरांना ऐकवलं असणार.

शनिवार उजाडला. हातात एकच दिवस. जुना फिल्टर नाही, पण तो जिथे बसायचा ती जागा तर आहे! मी स्वयंपाकघरातून एक लांबट बटाटा आणि सुरी घेतली. कोरायचा, आत घालून बघायचा, पुन्हा कोरायचा. तासाभरात तो त्या जागेत असा चपखल बसला की मला स्वतःचाच हेवा वाटला. मधोमध भोकही पाडलं. मग तो रुमालात गुंडाळून मी दुकानाची पायरी चढलो आणि काउंटरवर ठेवला.

"घ्या नमुना."

दुकानदारानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. बटाटा फिरवून बघितला, वास घेतला.

"कंपनी कुठली?"

दुकानातली चार गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. मी मान ताठ ठेवली.

"मापाचं बोला."

त्यानं पट्टी लावली, भोक तपासलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अहो, हा मोटारसायकलचा फिल्टरच नाही. हा पाणी उपसायच्या पंपाच्या इंजिनाचा. तुमच्या गाडीला कुणी पाणीपुरवठ्याच्या माणसानं हात लावलाय का?"

तर सासऱ्यांनी हे केलं होतं. कधीकाळी मूळ झाकण फुटलं असणार. त्यांनी पाइपाच्या तोंडाचं बूच घासूनपुसून त्या जागी बसवलं आणि त्याच्या मापाचा पंपाचा फिल्टर आत सरकवला. मी ज्या पुस्तकाची पारायणं करत होतो ते जणू दुसऱ्याच गाडीचं निघालं. ही गाडी एका माणसाच्या डोक्यात छापलेली होती.

पंपाचा फिल्टर आणला, बसवला, गाडी सुरू केली. काय तो आवाज! एकसुरी, गोड. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कागदी पॅकिंग फाटून झाकणाच्या कडेनं तेलाची धार लागली होती, आणि काळं थारोळं शांतपणे मुख्याध्यापिका बाईंच्या पायपुसण्याकडे निघालं होतं.

बायको जिना उतरून खाली आली. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"रिंग कुठाय?"

"कुठली रिंग?" मी म्हणालो, पण आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

"काळी, जाड. बाबा नळाचीच रिंग घालतात तिथे. मीच तर हातात घेऊन उभी असायचे."

मी केराच्या डब्याची हकिगत सांगितली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त वर गेली आणि पाच मिनिटांत एक काळी, ओली रबरी रिंग घेऊन आली. फरशीवर मांडी घालून बसली, रिंग पुसून झाकणाच्या खाचेत अंगठ्यानं दाबली, बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळले. मी टॉर्च धरला होता. गाडी सुरू झाली. एक थेंब नाही.

"बाबांना सांगा तुम्हीच केलं," हात पुसत ती म्हणाली. आणि ती ते मनापासून म्हणत होती, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

रविवारी दहाला सासरे आले. खालीच थांबून गाडी सुरू केली, कान लावला, झाकणाखाली बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. भंगारवाल्याला त्यांनी तिथूनच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

मग पाणी प्यायला ते वर आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. नळाच्या मानेला फडकं बांधलं होतं आणि त्यातून टिप टिप पाणी गळत होतं. चाळीस वर्षं नळ दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी नळाकडे बघितलं, मग लेकीच्या नखांतल्या काळ्या रेषांकडे, मग माझ्या स्वच्छ हातांकडे.

"कुणी बसवली रिंग?"

मी तोंड उघडलं. "मी" म्हणायचं होतं. पण म्हणालो, "हिनं. मी टॉर्च धरला."

सासऱ्यांनी गाडीची किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "चल, एक चक्कर मार." मी पुढे सरसावलो तेव्हा त्यांनी मला थोपवलं, आणि तेच वाक्य आलं. "तुम्ही बसा, जावईबापू." जरा थांबून पुढचा शब्द, "मागे."

पण दारातून निघताना त्यांनी मला परत बोलावलं. पिशवीतून आपला जुना पाना काढला, ज्याची मूठ त्यांच्या तळव्याच्या आकाराची झाली आहे, आणि माझ्या हातात दिला. "खरं बोललात म्हणून. तो नळ तुम्हीच दुरुस्त करा. रिंग आणा."

हे मी त्याच दुकानात जाता जाता सांगतोय. पाना पिशवीत आहे. रिंगेचा नंबर मी शोधला नाही, आता मी शहाणा झालोय. नळाची मूळ रिंग गाडीत अडकली आहे, पण नमुन्यावाचून मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

खिशात कांद्याची चकती आहे.