फितीच्या अलीकडचा रुग्ण

आजारी कधी पडावे याला काही ताळतंत्र असते. पैसेवाल्यांना ते उपजत असते, गरिबांना मात्र शिकवावे लागते. म्हणून त्या वस्तीत मोफत आरोग्य केंद्र काढायचे ठरले. समितीने आधी रीतसर पाहणी केली. निम्म्या घरांत आरोग्य विमा नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांत तो काय असतो हेच माहीत नव्हते. (दोन्ही गटांबद्दल समितीने समाधान व्यक्त केले.)

शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या घरी तोवर उपचारांची स्वतःची पद्धत होती. दुखणे आले की आधी त्याच्याकडे लक्षच द्यायचे नाही, म्हणजे ते कंटाळून जाते. नाहीच गेले तर शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या. (गोळ्या तिच्या गुडघ्याच्या होत्या, पण खोकल्यालाही चालवून घेतल्या.) त्यामुळे केंद्र होणार म्हटल्यावर काकू मनापासून खूश झाल्या. त्यात पाटी रंगवायचे काम त्यांच्याच नवऱ्याला मिळाले, तेव्हा तर त्या मशीन चालवताना गुणगुणू लागल्या.

उद्घाटनाच्या दिवशी पेंटरकाका अजून शिडीवरच होते. ‘सर्वांसाठी’मधला अनुस्वार तेवढा राहिला होता. त्यासाठी ते जरा जास्तच वाकले, शिडी सरकली आणि काका थेट केंद्राच्या उंबऱ्यापाशी आले. उजवा हात अंगाखाली सापडला. मनगट ज्या बाजूला वळत नाही, त्या बाजूला वळले होते.

दाराच्या आत डॉक्टरीणबाई होत्या, नर्स होती, प्लास्टरचे सामान होते. दाराबाहेर रुग्ण होता. मधे लाल फीत होती. आरोग्यसेवा गरिबाच्या इतक्या जवळ याआधी कधीच आली नव्हती.

डॉक्टरीणबाई फितीखालून वाकून येऊ लागल्या, तशी अध्यक्षांनी त्यांना मायेने थांबवले. पाहुणे वाटेत होते. शिवाय उद्घाटनाआधी उपचार झाले, तर ते कुठल्या केंद्रात झाले म्हणायचे? बाईंची पहिलीच नोकरी, त्याही विचारात पडल्या. सचिवांनी काकांना पाणी दिले आणि माइक चालू असल्याने जरा पलीकडे तोंड करून कण्हायची विनंती केली. काकांनी तीही मानली.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. चेहऱ्याचा रंग पार उडाला होता. घर चालायचे ते त्याच उजव्या हातावर. डाव्या हाताने काकांना शर्टाचे बटणसुद्धा धड लावता येत नसे.

“पाहुणे येऊन नेमकं काय करणार?” काकूंनी विचारले.

“कात्रीनं फीत कापणार,” अध्यक्ष म्हणाले.

“मग सरका. कापाकापी माझ्याकडे असते.”

तबकातली कात्री उचलून त्यांनी फीत अशा सफाईने कापली, की एक धागा उसवला नाही. काका आत टेबलावर गेले. प्लास्टर होईपर्यंत काकूंनी फितीच्या दोन पदरांना टाके घालून हात गळ्यात अडकवायची झोळीही केली.

“फार दुखतंय का हो?”

“अनुस्वार राहिला गं,” काका म्हणाले.

पाहुणे आले तेव्हा कापण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांना काकांच्या प्लास्टरवर सही करायला दिली. अहवालात ‘लाभार्थी कुटुंबाच्या हस्ते उद्घाटन’ हा समितीचा अभिनव उपक्रम म्हणून नोंदला गेला. काकांचा हात सरळ जुळला आणि ते पुन्हा शिडीवर चढू लागले. (शिडी आता काकू स्वतः धरतात.)

एक सांगायचे राहिले. हे सगळे घडत असताना मंडप गच्च भरला होता. माणसे सगळी सहृदय; कित्येकांचे डोळे पाणावले, काहींनी मोबाइलवर चित्रणही केले. उठले मात्र कोणी नाही, कारण उठले की खुर्ची जाते. समितीने त्यांच्या संयमाचे लेखी कौतुक केले आहे. तुम्हीही इथवर सगळे बसूनच वाचलेत. तेव्हा पुढच्या केंद्राच्या उद्घाटनाला या. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे.