मन्मथअप्पांचा टँक

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांना इंग्रजीतला एकच शब्द मनापासून आवडतो, आणि तो त्यांनी अजून सोडलेला नाही. शब्द म्हणजे टँक. सकाळी लिंगपूजा उरकून, कपाळभर भस्म लावून ते गच्चीवर येतात, टाकीच्या झाकणावर थाप मारतात आणि विचारतात, "बोल माय, आज टँकचं काय नवीन?"

हा प्रश्न मला असतो. माझी गच्ची त्यांच्या गच्चीला लागून आहे.

आम्ही नांदेडहून लातूरला आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथं कुणाशी फारसं बोलावं लागणार नाही. मी एका क्लासचे इंग्रजीचे पेपर घरी आणून तपासते. पेपर उलट बोलत नाहीत, म्हणून ते काम मला आवडतं. नांदेडला गोदावरी होती, विष्णुपुरीचं धरण होतं, घरच्या टाकीकडे मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. लातुरात मात्र चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली गच्चीवर असते, आणि गच्चीवर गप्प उभं राहणाऱ्या माणसाला लोक आजारी समजतात.

पहिल्याच दिवशी कठड्यापलीकडून आवाज आला.

"तू इंग्लिश मीडियमची ना?"

मी मान हलवली.

"मग सांग, टँक म्हंजे काय?"

"पाण्याची टाकी."

"आन् रणगाडा?"

"तोही टँकच."

"मग एकात पाणी आन् एकात तोफ. ह्यांचं लगीन कुणी लावलं?"

इतकी वर्षं इंग्रजीत शिकून हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी खाली जाऊन फोनवर शोधलं आणि पाणी यायच्या पुढच्या दिवसाची वाट बघत बसले, जे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. इंग्रजांनी पहिले रणगाडे गुपचूप बनवले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्यात सांगितलं, ह्या पाण्याच्या टाक्या आहेत. थापेचं नाव पडलं ते पडलंच.

हे ऐकून अप्पांच्या हातातला पाइप सुटला आणि माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली.

"म्हंजे एवढी लढाई माझ्या धंद्याच्या नावानं झाली!"

अप्पांचं गोलाईच्या बाजारात टाक्यांचं दुकान आहे. काळ्या, पांढऱ्या, तीन थरांच्या, पाच थरांच्या. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला टाकीबरोबर महायुद्धही मिळू लागलं. औशाकडच्या एका शेतकऱ्यानं शेवटी हात जोडले. "अप्पा, लढाईचं ऱ्हाऊ द्या. ही गळत न्हाई ना, एवढं सांगा."

पुढे कळलं की शब्द मुळात आपल्याकडचाच असावा. मराठीतलं टाकं, गुजरातीतलं टांकुं, तिथून तो इंग्रजीत गेला म्हणतात. काही कोश पोर्तुगिजांकडेही बोट दाखवतात. अप्पांना पोर्तुगीज मान्य नाहीत. "त्यांनी पाव दिला, तेवढं बेस हाय. टाकं आमचं. किल्ल्यात जाऊन बघ, खडकात खांदलेली टाकी हायती. पोर्तुगीज आलता का कुदळ घेऊन?"

मग बिनबाह्यांच्या कपड्याला टँक टॉप का म्हणतात, ते सापडलं. पूर्वी पोहायच्या तलावाला टँक म्हणत, तिथं घालायचा तो पोशाख. अप्पांनी स्वतःच्या बनियनकडे खाली पाहिलं. "म्हंजे मी जलमभर टँक घालूनच टँक विकायलाव." अमेरिकेत दारू पिऊन पकडलेल्यांच्या कोठडीलाही टँक म्हणतात, हे सांगितल्यावर त्यांनी दुकानातली एक टाकी आपल्या मेव्हण्याच्या नावानं राखून ठेवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हळूहळू अप्पा स्वतःच मुळं शोधू लागले आणि माझा जीव कासावीस होऊ लागला. टाकी म्हणजे जिच्यात पाणी टाकतात ती. थकलेला माणूस टाकीला टेकायचा, म्हणून इंग्रजीत टेक रेस्ट. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे थँक यू. "इंग्रज साहेब उन्हातून यायचा. आपला माणूस त्याला टाकीतलं गार पाणी द्यायचा. साहेब म्हणायचा, टँक यू. पुढं जीभ जड झाली आन् थँक यू झालं."

"अप्पा, तसं नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत."

"असतील," अप्पा म्हणायचे, माझ्याकडे न बघता, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. तोंड दुसऱ्या बाजूला.

दुसऱ्या बाजूला त्यांच्या धाकट्या भावाची गच्ची आहे. घर मूळचं एकच, वाटणीत मधोमध भिंत आली, गच्चीवर ती कमरेएवढी. भाऊ म्हणजे प्रभूसर, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ते खुर्चीत बसून पेपर वाचतात, त्यामुळे आम्हाला फक्त पेपराची वरची कड दिसते. अप्पांनी चूक केली की ती कड थरथरते. थँक यूच्या दिवशी तर पेपर फाटल्याचा आवाज आला. पण सर बोलले नाहीत. ते अप्पांशी बोलतच नाहीत.

का, ते गौराकाकूंनी सांगितलं. गौराकाकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्या मला चुरमुऱ्यांची सुशीला द्यायला आल्या होत्या आणि मी ताट रिकामं करेपर्यंत बसल्या.

"लहानपणी अण्णा अण्णा करत ह्यांच्या मागं फिरायचे भावजी. हे शाळा सोडून दुकानात बसले, म्हणून ते शिकले. मग दुकानाची नवी पाटी लावली. पेंटरनं काय लिहिलं म्हणे, वाटर थँक. पूजेला सगळा बाजार जमलेला. भावजी हसले. म्हणले, अण्णा, पाण्याचे आभार मानताय का? सगळा बाजार हसला. ह्यांनी नारळ खाली ठेवला आन् म्हणले, आजपासून माझं काही दुरुस्त करायचं न्हाई. भावजी बी असे हट्टी, दुरुस्त करायचं न्हाई म्हणून बोलणंच सोडलं."

"मग अप्पांनी बोलायचं."

"मोठे हायत ना ते. कसं बोलतील?" काकूंनी ताट उचललं. "आता तर भावजी पुण्याला चाललेत, पोराकडं. दिवाळी झाली की कुलूप. गेले की झालं."

त्यानंतर गच्चीवर मला अप्पांपेक्षा ती पेपराची कडच जास्त दिसायला लागली. दिवाळी जवळ येत होती. सरांच्या गच्चीवर रिकामी खोकी वाळत पडलेली होती. अप्पांच्या चुका वाढत होत्या. आता टँकमधून डंका निघाला होता, बँक निघाली होती, टांगासुद्धा निघाला होता.

एके दिवशी आमच्या टाकीचा कॉक बिघडला म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले. आत कंपनीचा एक तरुण विक्रेता बसला होता आणि अप्पांना खूश करायला म्हणत होता, "थँक यू म्हणजे टँक यूच की, अप्पा."

"कुणी सांगितलं?" अप्पा शांतपणे म्हणाले. "थँक येगळं, टँक येगळं. दोन्हीच्या मुळाचा काही संबंध न्हाई. उगं कायबी बोलू नये माणसानं."

मी दारातच थांबले. अप्पांनी मला पाहिलं, आणि मग बराच वेळ ते कॉक शोधत राहिले, जो समोरच टांगलेला होता.

घरी येऊन मी कोशातला टँक पुन्हा उघडला. मी नेहमी नामांपाशी थांबत होते. खाली क्रियापद होतं. ते वाचलं आणि पेपर तपासायचे तसेच राहिले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी अप्पांनी झाकणावर थाप मारली. "बोल माय."

एरवी मी इतकं हळू बोलते की अप्पांना कानामागे हात धरून कठड्याशी यावं लागतं. त्या दिवशी मी मोठ्यानं बोलले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"अजून एक अर्थ आहे, अप्पा. टँक करणं म्हणजे खेळात मुद्दाम हरणं. जिंकता येत असताना."

पाइप टाकीत नीट बसलेला होता, तरी अप्पांनी तो काढून पुन्हा बसवला.

पलीकडची पेपराची कड खाली गेली. प्रभूसरांचा चेहरा मी त्या गच्चीवर पहिल्यांदाच पूर्ण पाहिला.

"बरोबर आहे," ते मला म्हणाले. "टेनिसमध्ये वापरतात."

मी मान हलवली. सर पेपर पुन्हा उचलणार, असं वाटलं.

अप्पा खाकरले. त्यांचं तोंड टाकीकडे होतं.

"टेनिस मालूम हाय मला. टेन म्हंजे धा. धा माणसं खेळतात, म्हणून टेनिस."

पाणी टाकीत पडत होतं. टाकी भरली, पाणी झाकणाखालून बाहेर येऊन अप्पांच्या पायांवरून वाहू लागलं, आणि ज्या गल्लीत लोक भांडं विसळलेलं पाणीही झाडांना घालतात, तिथं ते बंद करायला कुणी हललं नाही. सरांनी पेपराची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि भिंतीपाशी आले.

"दोघं, अण्णा," ते म्हणाले. "टेनिस दोघं खेळतात."

अप्पांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. फक्त पाइप हातात धरून वळले.

"हाव? मग बाकीचे आठ काय करतात?"

सर भिंतीवर कोपर टेकून सांगू लागले. मी माझा कॉक बंद केला आणि खाली आले.