महाराणी आणि सात मिश्या

पर्पेच्युआ परेरा यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं. स्वतःचा संवाद एकच: "होल्ड करा." निवृत्तीनंतर भांडुपच्या हौशी नाट्यमंडळाने त्यांना महाराणीची भूमिका दिली. दर मंगळवारी पंतप्रधान येणार आणि महाराणी त्यांना एकांतात खडे बोल सुनावणार. चौऱ्याऐंशी पानं! बाईंनी ती बोंबील साफ करताकरता पाठ केली. नाटकात पंतप्रधान सात. सातही भूमिकांत बाईंचा नवरा रेमंडच, फक्त मिशी बदलायची.

संहिता रीतसर मजकूर तपासणी कक्षात गेली. तिथल्या साटमसाहेबांना एकच शंका आली.

"भेट खाजगी आहे ना? मग आतलं बोलणं लेखकाला कळलं कसं?"

"कल्पनेनं, साहेब," दिग्दर्शक प्रांजल म्हणाला.

"म्हणजे खोटं. खोटं दाखवता येणार नाही."

"बरं, खरं समजा."

"मग गोपनीयतेचा भंग. तेही नाही."

साहेबांनी शेरा मारला: 'भेटीस हरकत नाही. मात्र ती प्रेक्षकांस दिसू वा ऐकू येऊ नये.'

प्रांजलने नेपथ्यात एक दार वाढवलं आणि ते लावून घेतलं.

"आणि माझी चौऱ्याऐंशी पानं?" बाईंचा आवाज चिरकला.

"आत बोला ना, आंटी. बिनधास्त! चुकलं तरी कुणाला कळतंय?"

मुलुंडला पहिला प्रयोग लागला. पडदा उघडला, दार दिसलं. वीस मिनिटं दारच दिसलं. मग रेमंड बाहेर आला, मिशी चाचपून म्हणाला, "चर्चा सकारात्मक झाली. योग्य वेळी योग्य निर्णय होईल."

टाळ्या! दुसऱ्या मिशीला शिट्या. चौथ्या मिशीला तर वन्स मोअर मिळाला. दार पुन्हा वीस मिनिटं लावावं लागलं.

आत बाई जीव तोडून बोलत होत्या आणि रेमंड पाठमोरा पुढची मिशी चिकटवत होता. सातव्या भेटीला त्यांचा धीर सुटला.

"ठेव रे तो डिंक! माझं ऐकणार कोण?"

मुकुट सावरत त्यांनी धाडकन दार उघडलं. "लोकहो, आत काय ठरलं ते मी सांगते..."

"ओ आंटी, दार लावा!" अंधारातून कुणीतरी खेकसलं. "सगळी मजा घालवताय ना!"

नाट्यगृहाने टाळ्यांनी अनुमोदन दिलं.

बाई जुन्या सवयीने म्हणाल्या, "होल्ड करा," आणि दार लावून घेतलं.

खेकसणाऱ्याचा आवाज मात्र त्यांनी ओळखला. एकतीस वर्षं हेडफोन वागवलेला कान चुकायचा नाही. तिसरी रांग, डावीकडून पाचवी खुर्ची.

तुम्हीच होतात.