बाई गेल्याचा निबंध

प्रतीक्षाचा निबंध वाचून मनोज सरांनी नाक मुरडलं आणि "रॉ आहे" म्हणाले. कच्चा म्हटलं तर फी कशाची घ्यायची, म्हणून रॉ.

"भावना आहेत," सर म्हणाले, "पण मॅनेजमेंट कुठे आहे? बिझनेस स्कूलला रडणं नको असतं, मॅडम. लीडरशिप हवी असते."

"सर, ते रडन्यावरच तर हाय सारं. बाजारात बाया येऊन रडत होत्या..."

"ते मी बघतो. तुम्ही मराठीत दिलंत, उत्तम झालं. मी इंग्रजीत घडवतो. तुम्ही फक्त अर्जाचा पासवर्ड द्या."

अमरावतीच्या राजापेठेत, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर मनोज सरांचा क्लास होता. एमबीएच्या प्रवेशासाठी लागणारे निबंध कसे लिहावेत हे ते शिकवत. भिंतीवर मोठा फलक होता: 'निबंधातल्या घोडचुका'. खोटं लिहू नका. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. जड शब्द वापरू नका. एका कॉलेजचा निबंध दुसऱ्या कॉलेजला पाठवू नका. या फलकाखाली बसून सर दिवसभर पोरापोरींचे निबंध स्वतः लिहीत. त्यात जड शब्द घालत, शोभेल तेवढं खोटं घालत, आणि एकाचा निबंध कॉलेजचं नाव बदलून दुसऱ्याला देत. फलकावरची एकही चूक त्यांनी वाया जाऊ दिली नव्हती.

सर मूळचे अकोल्याचे. दोन वर्षं पुण्यात राहून आले, तेव्हापासून कोणी 'मले' म्हटलं की त्यांचा चेहरा पोटात दुखल्यासारखा होई.

प्रतीक्षा नांदगाव पेठेतल्या एका कापड गिरणीत उत्पादनाचं नियोजन बघायची. एमबीए झालेली पोरं वर्षाआड गिरणीत येत. ती त्यांना काम शिकवी, आणि काम शिकून झालं की ती पोरं तिचे साहेब होत. आताच्या साहेबाला तर तिनं ताणा कोणता आणि बाणा कोणता इथपासून शिकवलं होतं, आणि तो आता तिची रजा मंजूर करायला चार दिवस लावत होता. म्हणून तिनं मुंबईच्या एका नामांकित संस्थेत अर्ज भरला. दुसरीकडे कुठेही भरला नाही. वय वाढत होतं, आणि पुढच्या वर्षी तिनं भरला असता असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं.

निबंधाचा विषय होता, तुमच्यावर आलेला कठीण प्रसंग आणि त्यातून तुम्ही काय शिकलात. प्रतीक्षानं आई गेल्यावरचं लिहिलं.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिवरखेडला त्यांचं चार भावांचं एकत्र घर. सहदेव सगळ्यांत मोठे, म्हणून धाकटे भाऊ त्यांना 'भाऊ' म्हणत. त्यांची बायको माणिकबाई, तिला सगळं घर 'बाई' म्हणे. मोठ्यांचं ऐकून लेकरंही तेच म्हणायला शिकली. प्रतीक्षा जन्मापासून बापाला भाऊ आणि आईला बाई म्हणत आली. वऱ्हाडात अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. त्यामुळे तिनं निबंधात सरळ लिहिलं होतं: 'बाई गेली तेव्हा घराचं कसं होईल ते कोणाला समजेना. मग भाऊ आणि मी मिळून सांभाळलं.'

मनोज सरांनी सांभाळलं ते असं. बाई म्हणजे मेड आणि भाऊ म्हणजे ब्रदर.

निबंध अर्जाला जोडून अर्ज सरांनीच पाठवला. संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवशी प्रतीक्षानं आनंदानं आपला निबंध उघडला आणि पहिल्यांदा वाचला. तिचा बाप तेव्हा तिच्याकडे अमरावतीलाच होता. माणिकबाई गेल्यापासून तो भाजीचं पोतं घेऊन लेकीकडे येई आणि पोतं रिकामं झालं तरी परत जायचं नाव काढत नसे.

"काय लिवलं त्यात? वाचून दाखव ना मराठीत," सहदेव म्हणाले.

प्रतीक्षानं पहिली ओळ पुन्हा वाचली.

"भाऊ, यात लिवलं हाय का आपली मोलकरीण काम सोडून गेली."

"आपल्याकडं कोनती मोलकरीण होती?"

"बाई."

सहदेवांच्या हातात वालाच्या शेंगा होत्या. त्या त्यांनी परातीत ठेवल्या. "अन् मी?"

"तुमी माये मोठे भाऊ. माह्याहून चार वर्सांनी मोठे."

"आन् मंग?"

"मंग आपन दोघायनं मिळून नव्या मोलकरणीसाठी तीन बायांच्या मुलाखती घेतल्या."

मोलकरणीच्या मुलाखती हा सरांचा स्वतःचा शोध होता. मनुष्यबळ व्यवस्थापन कुठेतरी दिसायला हवं, म्हणून.

हे इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अर्जात कुटुंबाची माहिती प्रतीक्षानं स्वतः भरून दिली होती आणि तिथे भावंडं या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी संस्थेची मेल आली. निबंधातला मोठा भाऊ माहितीत कसा नाही, याचा खुलासा करा; माहिती खोटी आढळल्यास अर्ज रद्द होईल आणि पुढे तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.

बापलेक राजापेठेत गेले. सरांनी मेल वाचली. त्यांना काहीच वाटलं नाही.

"सोपं आहे. एखादा चुलतभाऊ असेल ना? तो टाकून देऊ."

"टाकून देऊ?" सहदेव म्हणाले. "सर, थो निबंध माह्या बायकोचा हाय. माही बायको वारली. तुमी तिले भांडे घासाले लावलं."

"काका, असं इमोशनल होऊ नका. तुमच्या मुलीने 'बाई' लिहिलं होतं. बाई म्हणजे मेड. आख्ख्या महाराष्ट्रात."

"अकोल्यातबी?"

"मी पुण्यात घडलो, काका."

"घडले कुठंबी असान. तुमच्या घरी तुमच्या वडलाले काय म्हनत होते?"

"पप्पा," सर म्हणाले, पण जरा उशिरा म्हणाले.

प्रतीक्षानं दोघांच्या मध्ये हात घातला. "सर, भाऊ म्हणजे माझे वडील आणि बाई म्हणजे माझी आई. ते तेवढं नीट करून द्या. मी घरी नेऊन वाचतो आणि मग पाठवू."

"एवढंच ना? दोन शब्दांचा तर प्रश्न आहे." सरांनी कीबोर्डवर बोटं चालवली. मेडच्या जागी मदर, ब्रदरच्या जागी फादर. एक बटण दाबलं. निबंधभर शब्द बदलले. सरांनी खुर्ची मागे ढकलली, आणि प्रतीक्षा "थांबा, वाचू द्या" म्हणेपर्यंत दुसरं बटणही दाबलं. "गेला. सुधारित निबंध, चुकीबद्दल दिलगिरी. प्रोफेशनल काम असं असतं."

सुधारित निबंध बापलेकीनं घरी येऊन वाचला. त्याचा अर्थ असा होता:

'आमच्याकडे अनेक वर्षं कामाला असलेल्या आईनं नोटीस न देता अचानक काम सोडलं. आईचा पगार आम्ही कधी थकवला नव्हता. माझ्याहून चार वर्षांनी मोठे असलेले वडील आणि मी, आम्ही परिस्थितीचं विश्लेषण केलं. तीन नव्या आयांच्या मुलाखती घेतल्या. पहिल्या दोघींना स्वयंपाक जमत नव्हता, म्हणून त्यांना नाकारलं. तिसरी आई कामाला चोख निघाली. वडील तिच्यावर समाधानी आहेत.'

"मी समाधानी हाय?" सहदेव म्हणाले.

"त्यात तसं लिवलं हाय, भाऊ."

"म्हंजे मी बाई ठेवली?"

"भाऊ!"

"मी नाई म्हनत. थो तुह्या सराचा कागद म्हनून राहिला. आन् हे मुंबईले पोचलं?"

पोचलं होतं. मुंबईहून उत्तरही आलं. या वेळी ते एका ओळीचं होतं: निबंधातील मजकुराचं समाधानकारक स्पष्टीकरण मुलाखतीतच द्यावं. प्रतीक्षानं पासवर्ड बदलला, पण आता त्यानं कुलूप लावण्यासारखं आत काही उरलं नव्हतं. मनोज सरांना फोन केला तर ते म्हणाले, "कॉन्फिडन्टली बोला. तिसरी आई ही सावत्र आई आहे म्हणून सांगा. ब्लेंडेड फॅमिली. आजकाल चालतं."

मुलाखत लॅपटॉपवर होती. प्रतीक्षानं बापाला स्वयंपाकघरात बसवलं आणि काही झालं तरी बाहेर यायचं नाही म्हणून बजावलं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. सहदेवांना त्यातलं 'मदर' तेवढं कळत होतं, आणि ते सारखं येत होतं.

पडद्यावर एक टकले प्राध्यापक आणि एक मध्यमवयीन बाई होत्या. प्राध्यापकांच्या हातात निबंधाची प्रत होती.

"तुमचे वडील तुमच्याहून चार वर्षांनी मोठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"आणि ही नवी आई?"

"नवी आई नाही, सर. एकच होती. ती वारली."

प्राध्यापकांनी प्रत खाली ठेवली, पुन्हा उचलली. "पण इथे म्हटलंय, तिनं नोटीस न देता काम सोडलं."

"तेवढं खरं आहे, सर," प्रतीक्षा म्हणाली. "नोटीस दिली नव्हती."

मग त्या बाई पुढे झुकल्या. "हा निबंध कोणी लिहिला?"

प्रतीक्षाला वाटलं, गेलं. आता खोटं बोलून वाचण्यासारखंही काही नव्हतं. "मी मराठीत लिहिला होता, मॅडम. इंग्रजी दुसऱ्यानं केलं. न वाचता मी पासवर्ड दिला."

"मराठीत काय लिहिलं होतं?" बाईंनी मराठीतच विचारलं.

मग प्रतीक्षानं सांगितलं. तिची आई गावच्या आठवडी बाजारात वांगी विकायची. ती गेल्यावर तिच्या जागी भाऊ जाऊन बसले. ओळखीच्या बाया भेटायला आल्या आणि रडल्या. भाऊंना विकता येत नव्हतं आणि रडणाऱ्या बाईसमोर काय करतात तेही माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी रडेल तिला अर्धा किलो वांगी दिली. पुढच्या बाजारी जास्त बाया आल्या. त्याच्या पुढच्या बाजारी परगावच्या आल्या. एकीनं तर भाऊंनाच विचारलं, "वारली थिचं नाव काय व्हतं जी?" आणि उत्तर मिळायच्या आत रडायला लागली. तिच्या हातात पिशवी होती.

बाईंनी तोंडाला पदर लावला. "सॉरी," त्या म्हणाल्या. "सॉरी. मग तुम्ही काय केलंत?"

"मी सुट्टी काढून बाजारात बसलो, मॅडम. म्हणजे बसले. जी बाई रडे तिला म्हणायची, काकू, अगोदर रडून घ्या, मंग वजन करतो."

"गिऱ्हाईक तुटलं नाही?"

"खऱ्या होत्या त्या राहिल्या. त्या आईच्याच गिऱ्हाईक होत्या. रडून झाल्यावर त्यांना वांगी लागणारच होती, घाई भाऊंनी केली. बाकीच्या दुसऱ्या दुकानावर गेल्या. तिथं कोणी मेलं नव्हतं, पण तरी गेल्या."

प्राध्यापकांना मराठी येत नव्हती. बाईंनी त्यांना सांगितलं आणि तेही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हे असंच लिहा. तुमच्या इंग्रजीत, तुमच्या चुकांसकट. संध्याकाळपर्यंत पाठवा. जुना निबंध आम्ही बाजूला ठेवू. पण निवड होईल असं समजू नका."

ती आत आली तेव्हा सहदेव ओट्याला टेकून उभे होते.

"भाऊ, तुमी ऐकत होते?"

"मराठी होतं तेवढं ऐकलं. वांगे मी फुकट नोयते देले. बाया रडून राहिल्या होत्या, मंग भाव कसा सांगू?"

तिनं संध्याकाळपर्यंत लिहिलं. त्यात व्याकरणाच्या चुका बऱ्याच होत्या. आई मात्र एकच होती.

निवडीची मेल महिन्याभरानं, जेवायच्या वेळेला आली. पाठोपाठ मनोज सरांचा फोन. ही बातमी त्यांना कोणी सांगितली देव जाणे, पण दुसऱ्याचं यश त्यांना वासानं कळत असावं.

"अभिनंदन! बघा, म्हटलं होतं ना, पहिला ड्राफ्ट स्ट्राँग होता! राजापेठेत फ्लेक्स लावतोय. तुमचा फोटो आहे माझ्याकडे. खाली आई-वडिलांचा टाकू, छान दिसेल. आईंचा एक फोटो पाठवा."

सहदेवांनी लेकीच्या हातून फोन घेतला.

"कोनत्या आईचा पाठवू, सर?" ते म्हणाले. "पहिलीचा का तिसरीचा?"

आणि फोन ठेवून दिला.

मग दोघं जेवायला बसले. सहदेवांना आनंद झाला होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. अशा वेळी माणिकबाई मोठमोठ्यानं बोले आणि सगळ्या घराचं त्यात भागून जाई. आता दोघंही मुकाट भाकरी मोडत होते.

"थ्या मधातल्या दोन," सहदेव एकदम म्हणाले, "मुलाखतीत नापास केल्या थ्या. कावून केल्या होत्या?"

"स्वयंपाक जमत नव्हता म्हनून."

सहदेवांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"बाईले तरी कुठं जमे," ते म्हणाले.

प्रतीक्षाला आधी हसू आलं. सहदेवांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वांग्याच्या भाजीचं भांडं तेवढं तिच्याकडे सरकवलं आणि ती रडून होईपर्यंत थांबले.