चौथा कप्पा

हे सगळं झालं ते प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं अक्षर मला जरा किरकोळ वाटलं म्हणून. प्रबंध दुसऱ्या दिवशी अकरा वाजता द्यायचा होता. दोनशे बारा पानं, तीन वर्षं, आणि शेवटची अकरा पानं तर त्याच सकाळी बसून संपवलेली. शहाण्या बाईने तिथेच हात जोडले असते. मी म्हटलं, एखादा भारदस्त फॉन्ट टाकू.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या मालकीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एका मोठ्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. निवृत्त झाल्यावर लोक कपाटं आवरतात, आईंनी हार्ड डिस्क आवरली. मग मला समोर बसवून समजावलं (त्या नुसत्या चष्मा पुसायला लागल्या तरी मला घाम फुटतो, पण ऐकत होते).

"हे बघ, डिस्क एकच, पण आत चार कप्पे केलेत. पहिल्यात सिस्टीम, म्हणजे मशीन चालवायचं सामान. दुसऱ्यात आपली कागदपत्रं. तिसऱ्यात बाबांची गाणी. चौथ्यात नोंदी. रोज सकाळी नऊला पहिल्या कप्प्याचा जसाच्या तसा फोटो निघतो, त्याला स्नॅपशॉट म्हणायचं. मशीन बिघडलं की तेवढाच कप्पा त्या फोटोसारखा करून घ्यायचा. बाकीच्यांना धक्का नाही."

"आणि सगळं एकत्रच असतं तर?"

"तर मशीनबरोबर तुझा प्रबंधही मागे गेला असता. भाजी करपली म्हणून कोणी अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढतं का?"

मी थक्क झाले. मला माझी पर्सही अशी लावता आलेली नाही. त्या भरात चौथ्या कप्प्यात नोंदी कसल्या, हे विचारायचं राहून गेलं.

तर त्या दुपारी आई दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मी कुठल्याशा वेबसाइटवरून फॉन्ट आणला. कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, यासाठी त्रेचाळीस गोष्टी काढून टाकाव्या लागतील, चालेल? मी दचकून माउस 'नाही'कडे नेत होते, तेवढ्यात बाल्कनीत बाबा, म्हणजे माझे सासरे, शिंकले. (बाबांची शिंक म्हणजे दुकानाचं शटर पडतं.) मी जागच्या जागी उडाले आणि क्लिक 'हो'वर पडलं.

पडदा काळा. बंद करून चालू केला, तरी काळाच. कोपऱ्यात 'लॉगिन' एवढा एक इंग्रजी शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. ती माझी वाट बघत होती, म्हणून मी टाइप केलं, 'हेल्प'. तिने नकार दिला. मग 'प्लीज'. मग 'सॉरी'. मग काय काय लिहिलं ते मला आठवतही नाही. नवऱ्याला फोन केला.

"कॉम्प्युटर गेला! प्रबंध गेला!"

"आईला विचार ना."

"अरे, त्यांनाच तर कळू द्यायचं नाहीये!"

"मग बाबांना विचार," म्हणून त्याने फोन ठेवला. बाबा पुन्हा शिंकले.

मग मला मॉनिटरच्या पाठीमागे चिकटवलेला कागद दिसला. आईंच्या टपोऱ्या अक्षरात वर लिहिलं होतं, 'रडण्याआधी वाचणे.' खाली पाच पायऱ्या. चालू करताना हे बटण दाब, यादी येईल, फोटो निवड. यादीत वरच होतं, आज, नऊ वाजता.

आणि माझा हात थांबला. नऊ वाजता! शेवटची अकरा पानं मी नऊनंतर लिहिली होती. तीही मागे गेली तर? मी खुर्चीतून उठले, बसले, पाणी प्यायले. दुसरा कप्पा वेगळा आहे, वेगळा आहे, असं पुटपुटत डोळे मिटून बटण दाबलं.

दोन मिनिटांत सगळं जागच्या जागी. अक्षर तेवढं पुन्हा किरकोळ. पण पानं दोनशे बारा! शेवटच्या ओळीतली टायपिंगची चूकसुद्धा शाबूत. मला त्या क्षणी सासूबाईंचे पाय धरावेसे वाटले. पण पाय धरले तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी माउस पुसून जागेवर ठेवला आणि मासिक उघडून बसले.

आई आल्या, गाल धरूनच कॉम्प्युटरसमोर बसल्या, चष्मा पुसला. मला घाम फुटला.

"काय गं, आज घरी पाहुणे आले होते का?"

"छे! कोणीच नाही."

"नाही, म्हणजे आत यायला कोणीतरी बराच वेळ दार ठोठावत होतं. मशीनने नाव विचारलं, तर एक म्हणे 'हेल्प'. मग 'प्लीज' आला. 'सॉरी' आला. 'सॉरीआई' तर चार वेळा आला. शेवटी 'देवा' येऊन गेला."

"पण… सगळं नऊच्या फोटोसारखं झालं होतं ना?"

"पहिला कप्पा झाला. नोंदी चौथ्यात असतात. मशीन मागे नेलं तरी ते कोणी पाडलं हे कळायला नको?" एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुखऱ्या गालाने हसल्या. "पायऱ्या मात्र बिनचूक केल्यास हो. आमच्या ऑफिसात साहेबांनासुद्धा जमायच्या नाहीत."

प्रबंध अकराला पाच कमी असताना दिला, किरकोळ अक्षरातच. घरी येऊन बघते तर आईंनी माझं लॉगिनचं जुनं नाव काढून तिथे नवीन नाव घातलेलं. म्हणाल्या, घाबरलीस की जे टाइप करतेस त्यानेच दार उघडलेलं बरं.

तेव्हापासून आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर माझं नाव 'सॉरीआई' आहे.